जावा वेब अ‍ॅप्लिकेशनांतील त्रुटिसंदेश : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

संगणकाच्या पडद्यावर फॉर्म भरून पाठविणारा मनुष्य आणि तो फॉर्म स्वीकारणारा प्रोग्राम यांच्या व्यवहारात त्रुटिसंदेशाचे स्थान वरवर पाहता गौण वाटते. पाठ्यपुस्तके त्यासाठी एखाददुसरे पृष्ठ खर्ची घालतात, आणि प्रत्यक्ष कामात त्याचा विचार बहुधा अगदी अखेरीस होतो. तथापि फॉर्म नाकारला गेला आहे, तो अमुक कारणाने नाकारला गेला आहे व आता अमुक दुरुस्ती करावयास हवी, हे सांगण्याची दुसरी जागा या व्यवहारात नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा बँकेचा, तो पुरा होणार की अर्ध्यावर सोडला जाणार, हे पुष्कळदा या एका ओळीवर अवलंबून असते.

त्रुटिसंदेश ही एकजिनसी वस्तू नव्हे. तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली, त्रुटीची घटना. म्हणजे कोणत्या रकान्यात कोणता नियम मोडला गेला ही वस्तुस्थिती. दुसरी, त्या घटनेचे शब्दरूप. म्हणजे अमुक भाषेतील अमुक वाक्य. तिसरी, त्या वाक्याचे दर्शन. म्हणजे पडद्यावर ते कोठे, कसे व कोणाला दिसावे ही योजना. जावा भाषेतील वेब अ‍ॅप्लिकेशनांचा १९९७ पासूनचा इतिहास पाहू गेल्यास या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग करण्याचा सतत प्रयत्न त्यात आढळतो. ज्या ज्या ठिकाणी त्यांची सरमिसळ राहिली, त्या त्या ठिकाणी प्रथम गैरसोय, पुढे संभ्रम आणि अखेरीस फार मोठी हानी झालेली दिसते. हा क्रम साधार मांडणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन होय.

२. पूर्वपीठिका

वेबचा पाया असलेल्या एचटीटीपी या संकेतव्यवस्थेला स्मरणशक्ती नाही. ब्राउझरकडून आलेली प्रत्येक मागणी सर्व्हरच्या दृष्टीने नवी असते. उत्तर दिले की तो व्यवहार संपतो. १९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धती आकाराला आली आणि वेब-सर्व्हरला बाहेरचा प्रोग्राम चालविता येऊ लागला. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात फॉर्मला रीतसर स्थान मिळाले. परंतु भरलेली माहिती चुकीची निघाल्यास काय करावे, याविषयी या दोन्ही व्यवस्था मौन बाळगून होत्या. सर्व्हरला संपूर्ण पृष्ठ नव्याने रचून पाठवावे लागे. ज्याने दहांपैकी नऊ रकाने बिनचूक भरले, त्याचे ते नऊ रकाने जसेच्या तसे परत देणे आणि दहाव्याजवळ योग्य शब्द ठेवणे, ही जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रामरची होती. ती टाळली गेली की वापरणाऱ्यापुढे कोरा फॉर्म पुन्हा येई.

१९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा निर्माण केली. नावातील साम्य सोडल्यास जावाशी तिचे नाते फारसे निकटचे नाही. परंतु फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्येच करण्याची सोय तिने उपलब्ध करून दिली. चूक आढळताच लहानशी चौकट उघडून संदेश दाखविण्याची रीत त्या काळी सर्वत्र पसरली. मात्र ही तपासणी वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालत असल्याने ती बंद करणे किंवा चुकविणे सहज शक्य होते. म्हणून सर्व्हरवरील तपासणी अनिवार्यच राहिली. परिणामी एकाच नियमाच्या दोन प्रती व एकाच चुकीची दोन वाक्ये निर्माण झाली. या दोन प्रतींत एकवाक्यता राखण्याचा प्रश्न पुढील सर्व पद्धतींना सोडवावा लागला.

जावा भाषेची घोषणा सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये केली आणि १९९७ साली सर्व्हलेटचा पहिला विनिर्देश प्रसिद्ध झाला. सर्व्हलेटमध्ये एचटीएमएलचे पृष्ठ जावाच्या छपाई-आज्ञांनी ओळीओळीने लिहिले जाई. त्रुटीची तपासणी, तिचे वाक्य आणि त्या वाक्याचा लाल रंग ही सर्व एकाच कार्यपद्धतीत गुंतलेली असत. शब्द बदलावयाचा तर प्रोग्राम नव्याने संकलित करावा लागे. १९९९ साली आलेल्या जेएसपीने ही स्थिती उलटी केली, म्हणजे एचटीएमएलमध्ये जावाचे तुकडे घालण्याची सोय केली. गुंता तसाच राहिला, त्याची जागा तेवढी बदलली.

यातून सुटण्याचा मार्ग जेएसपीच्या आरंभीच्या मसुद्यांतच सूचित झाला होता. तेथे वर्णिलेल्या दोन रचनांपैकी दुसऱ्या रचनेत मागणी प्रथम सर्व्हलेटकडे जाते; तो तपासणी करून निष्कर्ष त्या मागणीशी जोडतो आणि दर्शनाचे काम जेएसपीकडे सोपवितो. १९७८-७९ च्या सुमारास ट्रिग्व्ह रेन्स्काउग यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर अशी जी त्रयी मांडली होती, तिचेच हे वेबवरील रूपांतर होय. त्रुटीची घटना आणि तिचे दर्शन यांची पहिली फारकत येथे झाली. सर्व्हलेट आता त्रुटींची यादी तयार करू लागला आणि जेएसपी ती वाचू लागली.

३. स्ट्रट्स : त्रुटीला स्वतंत्र अस्तित्व

या रचनेला शिस्तीचे रूप दिले ते स्ट्रट्स या फ्रेमवर्कने. क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० साली ते अपाची प्रकल्पाच्या स्वाधीन केले आणि जून २००१ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. फॉर्ममधील माहिती धारण करणारा एक वर्ग, त्यातील तपासणीची कार्यपद्धती आणि तिने परत दिलेला त्रुटींचा संच, अशी तेथील मांडणी होती. संच रिकामा असेल तर काम पुढे जाई. तसा नसेल तर ज्या पृष्ठावरून फॉर्म आला तेच पृष्ठ पुन्हा दाखविले जाई.

या मांडणीतील दोन निर्णय विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, त्रुटीच्या नोंदीत वाक्य नसून वाक्याचे सांकेतिक नाव असे. प्रत्यक्ष वाक्य प्रॉपर्टीज फाइलमध्ये राही आणि वापरणाऱ्याच्या भाषेनुसार निवडले जाई. घटना व शब्द यांची फारकत अशा रीतीने झाली. दुसरा निर्णय असा की, फॉर्म धारण करणाऱ्या वर्गातील रकाने शक्यतो मजकूर म्हणूनच ठेवावेत असा प्रघात पडला. वयाच्या रकान्यात कोणी अंकांऐवजी शब्द लिहिला, तर तो शब्द संख्येत मावत नाही. पण दुरुस्तीसाठी तो लिहिणाऱ्याला जसाच्या तसा दाखवावा तर लागतो. चुकीचे उत्तर जपून ठेवणे हे योग्य संदेशाइतकेच महत्त्वाचे आहे, ही जाणीव या साध्या प्रघातामागे होती.

तिसरी फारकत मात्र अपुरी राहिली. त्रुटी दाखविणाऱ्या टॅगला आरंभीचे व अखेरचे वेष्टन प्रॉपर्टीज फाइलमधूनच मिळे, आणि यादीच्या एचटीएमएल खुणा त्या फाइलमध्ये भाषेच्या वाक्यांशेजारी लिहाव्या लागत. भाषांतरकाराच्या हाती दिलेल्या फाइलमध्ये पृष्ठरचनेची चिन्हे मिसळलेली असत. एखादी खूण भाषांतरात गळली की पृष्ठाची मांडणी बिघडे.

जून २००३ मधील १.१ या आवृत्तीत व्हॅलिडेटर हा भाग अंतर्भूत झाला. तपासणीचे नियम एक्सएमएल फाइलमध्ये लिहावयाचे आणि त्याच नियमांवरून सर्व्हरची तपासणी व ब्राउझरची जावास्क्रिप्ट अशी दोन्ही कामे साधावयाची, अशी ती योजना होती. नियमांच्या दोन प्रतींचा जुना प्रश्न तिने बऱ्याच अंशी सोडविला. पण त्याची किंमत म्हणून नियम हा ज्या माहितीला लागू होतो तिच्यापासून दूर, वेगळ्या फाइलमध्ये गेला. माहितीच्या वर्गात रकान्याचे नाव बदलले व एक्सएमएलमध्ये ते तसेच राहिले, तर जावाचा संकलक त्याविषयी काही बोलू शकत नसे.

४. जेएसएफ आणि स्प्रिंग

मार्च २००४ मध्ये दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. जेएसएफ १.० चा विनिर्देश पूर्ण झाला आणि स्प्रिंग फ्रेमवर्कची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. जेएसएफच्या विनिर्देशाच्या प्रमुखांत मॅक्लॅनहन हेही होते. स्प्रिंगचे मूळ रॉड जॉन्सन यांच्या २००२ सालच्या ग्रंथातील प्रोग्रामांत होते.

जेएसएफने फॉर्ममधील प्रत्येक रकान्याला सर्व्हरवर एक प्रतिरूप दिले आणि मागणीचा प्रवास सहा टप्प्यांत विभागला. तपासणीच्या टप्प्यात एक जरी रकाना चुकला, तरी मूळ माहितीला हात न लावता प्रवास थेट दर्शनाच्या टप्प्यावर जातो. वापरणाऱ्याने लिहिलेला कच्चा मजकूर आणि मान्य झालेले मूल्य या दोन वेगळ्या जागी ठेवल्या जातात. संदेशालाही सारांश व तपशील असे दोन भाग आणि माहिती, इशारा, चूक व गंभीर चूक असे चार दर्जे मिळाले. योजना उत्तम होती. पण तिच्यात एक उणीव राहिली. संदेश दाखविणारा टॅग पृष्ठावर ठेवायचे राहून गेले, तर तपासणी होई, फॉर्म नाकारला जाई, आणि पृष्ठ मात्र काहीच न घडल्यासारखे पुन्हा समोर येई. वापरणारा तेच बटण पुन्हा पुन्हा दाबीत राही. २००६ च्या १.२ या आवृत्तीत रकान्याला लेबल देण्याची सोय झाली. ते न दिल्यास संदेशात रकान्याचे अंतर्गत यांत्रिक नाव उमटे. ते वाचून अर्जदाराला काहीही बोध होण्यासारखा नव्हता.

स्प्रिंगने घटकांचे प्रतिरूप न करता त्रुटींच्या नोंदवहीवर भर दिला. रकान्याचे नाव, नाकारलेले मूल्य आणि त्रुटीचे सांकेतिक नाव अशा तीन बाबी प्रत्येक नोंदीत असतात. त्या सांकेतिक नावावरून वाक्य शोधण्याची पद्धत विशेष विचारपूर्वक योजिलेली आहे. प्रथम अमुक वस्तूच्या अमुक रकान्यासाठी खास वाक्य आहे काय हे पाहिले जाते. ते नसेल तर त्या नावाच्या कोणत्याही रकान्यासाठी, मग त्या प्रकारच्या मूल्यासाठी आणि शेवटी केवळ त्या नियमासाठी असलेले वाक्य घेतले जाते. विशेषाकडून सामान्याकडे जाणारा हा क्रम भाषेच्या दृष्टीने किती उपकारक ठरतो, हे पुढे दिसून येईल. २००६ च्या २.० आवृत्तीत त्रुटी दाखविणारा टॅग मिळाला आणि ही नोंदवही पृष्ठापर्यंत सुलभतेने पोहोचू लागली.

तथापि सामान्य वाक्यही लिहून ठेवले नसेल, तर काय दिसे? संख्येच्या रकान्यात शब्द लिहिणाऱ्या अर्जदाराला जावाच्या वर्गांची पूर्ण नावे, रूपांतर फसल्याची हकीगत आणि आतील अपवादाचे नाव अशी लांबलचक इंग्रजी ओळ वाचावी लागे. प्रोग्रामरसाठी असलेला संदेश वाट चुकून वापरणाऱ्याकडे गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

याच काळात फॉर्म दोनदा पाठविला जाण्याचा दोष टाळण्यासाठी, काम यशस्वी झाल्यावर ब्राउझरला नव्या पत्त्यावर वळविण्याचा प्रघात रूढ झाला. त्रुटींची नोंद मागणीशी जोडलेली असल्याने वळण घेताच ती नष्ट होई. एका वळणापुरती टिकणारी साठवण जेएसएफ २.० मध्ये २००९ साली आणि स्प्रिंग ३.१ मध्ये २०११ साली आली, ती याच अडचणीमुळे.

५. नियमाचे स्थान : बीन व्हॅलिडेशन

एकाच वस्तूचे नियम पृष्ठावर एक, सेवेत दुसरे व साठवणीत तिसरे, अशी विखुरलेली स्थिती पाहून एमॅन्युएल बर्नार्ड यांच्या नेतृत्वाखाली बीन व्हॅलिडेशनचा विनिर्देश तयार झाला. तो २००९ च्या अखेरीस जावा ईई ६ चा भाग बनला. नियम आता माहितीच्या वर्गातच, रकान्याच्या शिरोभागी लिहिला जाऊ लागला. जेएसएफ २.० आणि स्प्रिंग ३.० या दोहोंनी त्याच वर्षी त्याचा स्वीकार केला. ज्या दोन पद्धतींचे मार्ग पाच वर्षे भिन्न होते, त्या या बिंदूवर एकत्र आल्या.

या विनिर्देशाने नियमभंगाची नोंद पूर्णपणे वस्तुनिष्ठ केली. नियम कोणता, मार्ग कोणता, नाकारलेले मूल्य कोणते आणि वाक्याचा साचा कोणता, हे सर्व तिच्यातून मिळते. मात्र नियम पृष्ठापासून दूर गेल्याने त्याचे तयार वाक्यही प्रसंगापासून दूर गेले. मूल्य ‘नल’ असू नये असे सांगणारे मूळ वाक्य प्रोग्रामरला स्पष्ट आहे. अर्ज भरणाऱ्याला ‘नल’ म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय फॉर्ममधून रिकामा रकाना सामान्यतः ‘नल’ म्हणून न येता शून्य लांबीचा मजकूर म्हणून येतो. त्यामुळे केवळ हा नियम लिहून निश्चिंत झालेल्या प्रोग्रामरचा फॉर्म रिकामा रकाना बिनदिक्कत स्वीकारतो, आणि जेथे संदेश हवा तेथेच तो उमटत नाही.

६. मराठी वाक्याची कसोटी

शब्दरूप घटनेपासून अलग झाल्यावर ते कोणत्याही भाषेत देता येईल, अशी या सर्व पद्धतींची भूमिका होती. मराठीच्या बाबतीत ही भूमिका कितपत टिकली, हे तपासणे उद्बोधक आहे.

पहिली अडचण लिपीची होती. प्रॉपर्टीज फाइल पश्चिम युरोपीय अक्षरसंचात वाचली जाई. देवनागरी तीत थेट लिहिता येत नसे. प्रत्येक चिन्हाऐवजी युनिकोडचा अंक रोमन लिपीत सहा चिन्हांनी द्यावा लागे. ‘नाव’ या दोन अक्षरी शब्दात न, काना व व अशी तीन चिन्हे येतात. म्हणजे हा लहानसा शब्द अठरा चिन्हांचा होई. अशी फाइल डोळ्यांनी वाचून तिचे मुद्रितशोधन करणे अशक्यप्राय होते. स्प्रिंगने यूटीएफ-८ मधील फाइल वाचण्याची वेगळी सोय दिली होती, आणि २००६ सालच्या जावा ६ मध्येही पर्यायी मार्ग उपलब्ध झाला. पण मूळ व्यवस्थाच यूटीएफ-८ ची झाली ती सप्टेंबर २०१७ मधील जावा ९ मध्ये. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, हे लक्षात घेतल्यास हा विलंब पाव शतकाहून अधिक ठरतो.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे आणि ती फाइलच्या सुधारणेने दूर होत नाही. जावाच्या साच्यात महिरपी कंसात क्रमांक लिहून तेथे रकान्याचे नाव बसविले जाते. इंग्रजीत एकच वाक्य सर्व रकान्यांना चालते. मराठीत पत्ता भरलेला नसतो, जन्मतारीख भरलेली नसते आणि नाव भरलेले नसते. क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. प्रत्यय लागताच नामही बदलते. पत्ता या शब्दाचे पत्त्यात व तारीख या शब्दाचे तारखेत असे रूप होते. साच्यात मूळ नाम बसवून पुढे ‘मध्ये’ जोडल्यास तयार होणारे वाक्य मराठी राहत नाही. ‘आवश्यक आहे’ अशी लिंगनिरपेक्ष रचना हा एक उपाय आहे. परंतु सर्वच संदेश तिच्यात बसत नाहीत. प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्र वाक्य लिहिणे हाच खरा उपाय होय, आणि स्प्रिंगची विशेषाकडून सामान्याकडे जाणारी शोधपद्धती येथे उपयोगी पडते.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. लांबीचा नियम मोडल्यावर ‘अमुक अक्षरांपेक्षा अधिक नको’ असे वाक्य दिले जाते. जावा जे मोजते ते अक्षर नव्हे, मजकुराचे सांकेतिक एकक होय. ‘ज्ञानेश्वर’ या नावात मराठी वाचकाला चार अक्षरे दिसतात. जावाच्या मोजणीत ती दहा भरतात. आठ अक्षरांची मर्यादा घातलेला फॉर्म हे चार अक्षरी नाव लांब म्हणून परत करील. त्याचप्रमाणे नावात केवळ अक्षरे असावीत असा नियम युनिकोडच्या अक्षर-वर्गावर आधारून लिहिला, तर काना, मात्रा व हलन्त चिन्ह त्या वर्गात येत नसल्याने शुद्ध मराठी नाव अशुद्ध ठरते. येथे संदेशाचे भाषांतर कितीही सुबोध असले तरी ते असत्य असते, कारण त्यामागील नियमच त्या भाषेला अनोळखी आहे. संदेशाचे मराठीकरण नियमाच्या मराठीकरणावाचून पुरे होत नाही, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

७. उलटून आलेला मजकूर

वापरणाऱ्याने लिहिलेले त्यालाच परत दाखवावे, हा त्रुटिसंदेशाचा सद्गुण होय. परंतु तो मजकूर परका आहे याचा विसर पडला की तोच दुर्गुण ठरतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्ट या संस्थेने, फॉर्ममधून आलेल्या एचटीएमएल खुणा पृष्ठात तशाच उमटविल्यास दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये परकी आज्ञा चालते, असा इशारा दिला. ‘अमुक हे मूल्य चुकीचे आहे’ असे वाक्य छापणारे प्रत्येक पृष्ठ या धोक्याच्या कक्षेत आले. २००२ च्या जेएसटीएलमधील छपाईचा टॅग अशा खुणा निष्प्रभ करून छापीत असे. पण २००३ च्या जेएसपी २.० ने पृष्ठात थेट लिहिता येणारी जी सुटसुटीत पदावली दिली, ती तसे करीत नसे. सोय वाढली आणि तिच्याबरोबर धोकाही वाढला. पुढे फेसलेट्स आणि २०११ मधील थायमलीफ यांनी खुणा निष्प्रभ करणे हाच मूळ धर्म मानला.

याहून गंभीर प्रकार सर्व्हरवर घडला. वेबवर्क या फ्रेमवर्कपासून निर्माण झालेल्या स्ट्रट्स २ मध्ये ओजीएनएल नावाची पदावली वापरली जाते आणि तिच्यातून जावाच्या आज्ञा चालविता येतात. जुलै २००७ मध्ये असे उघड झाले की, तपासणी फसल्यावर फॉर्म पुन्हा दाखविताना वापरणाऱ्याचा मजकूरच पदावली म्हणून सोडविला जात होता. रकान्यात विशिष्ट चिन्हांच्या आत एक अधिक एक असे लिहिले, तर परत आलेल्या रकान्यात दोन हा अंक दिसे. बेरीज होते तेथे इतर आज्ञाही चालतात, हे उघड आहे. २०११ साली हाच दोष रूपांतर फसण्याच्या प्रसंगी पुन्हा आढळला.

या मालिकेतील सर्वांत मोठी घटना मार्च २०१७ ची. फाइल पाठविताना मागणीच्या शीर्षभागात मजकुराचा प्रकार सांगावा लागतो. तो निरर्थक असल्यास स्ट्रट्स २ त्रुटिसंदेश तयार करी, आणि त्या संदेशात तो निरर्थक मजकूर जसाच्या तसा येई. पुढे हा संदेश वापरणाऱ्याच्या भाषेतील वाक्य शोधणाऱ्या भागाकडे जाई आणि तो भाग संदेशातील पदावली सोडवी. परक्याने लिहिलेला मजकूर अशा रीतीने सर्व्हरवरील आज्ञा बनला. दुरुस्ती ७ मार्चला प्रसिद्ध झाली. एक्विफॅक्स या अमेरिकेतील पतमाहिती कंपनीच्या एका सर्व्हरवर ती बसविली गेली नव्हती. मे महिन्यापासून जुलै अखेरपर्यंत परके लोक तेथून माहिती नेत राहिले. कंपनीने ७ सप्टेंबर २०१७ रोजी ही गोष्ट जाहीर केली. सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची वैयक्तिक माहिती त्यात गेली, आणि २०१९ सालच्या तडजोडीत कंपनीला किमान ५७ कोटी ५० लक्ष डॉलरचे दायित्व स्वीकारावे लागले.

या घटनेचे कारण सुरक्षेच्या सर्वसाधारण शैथिल्यात शोधण्याकडे कल असतो, आणि दुरुस्ती वेळेवर न बसविणे हे शैथिल्य होतेच. परंतु मूळ दोषाचे स्वरूप प्रस्तुत विषयाच्या अंतर्भागातले आहे. वाक्याचा साचा आणि त्यात बसणारे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. साचा विश्वासाचा असतो. मूल्य परके असते. दोन्ही आधी जोडून मग तो जोड साचा म्हणून वाचणे, ही ती चूक. बीन व्हॅलिडेशनच्या २०१३ मधील १.१ या आवृत्तीने संदेशांत पदावलीला वाव दिल्यावर तीच चूक नव्या ठिकाणी संभवली, आणि २०२० साली ड्रॉपविझार्ड या फ्रेमवर्कमध्ये ती प्रत्यक्ष आढळली.

८. दर्शनाचा विस्तार

संदेश ‘दिसणे’ याचा अर्थही या काळात पालटला. पूर्वी चुकलेला रकाना लाल करणे पुरेसे मानले जाई. रंग न ओळखणाऱ्याला किंवा पडदा ऐकून वाचणाऱ्या अंध व्यक्तीला त्यातून काहीच कळत नसे. डिसेंबर २००८ मधील डब्ल्यूसीएजी २.० या मानकाने चुकलेला रकाना व चूक ही दोन्ही मजकुरात सांगितली पाहिजेत असा प्राथमिक स्तराचा निकष घातला. २०१४ च्या एरिया १.० ने रकाना चुकल्याची यंत्रवाच्य खूण दिली. त्याच वर्षी मानक ठरलेल्या एचटीएमएल ५ ने साध्या तपासण्या ब्राउझरकडे सोपविल्या. मात्र त्यांचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, म्हणून मराठी पृष्ठावर इंग्रजी चौकट उघडण्याचा प्रसंग संभवतो.

दुसरीकडे, पृष्ठ रचण्याचे कामच सर्व्हरकडून ब्राउझरमधील जावास्क्रिप्टकडे गेल्याने जावाचा प्रोग्राम अनेक ठिकाणी केवळ माहिती पाठवू लागला. जुन्या पद्धतीत त्रुटींचे पृष्ठही सामान्यतः यशाच्या २०० या क्रमांकासह जाई. मनुष्याला नकार दिसे आणि यंत्राला यश. नव्या पद्धतीत यंत्रालाही नकार कळावा लागतो. २०१६ साली त्रुटींच्या निवेदनाचा सर्वसामान्य आकृतिबंध मानक म्हणून प्रसिद्ध झाला, २०२३ साली त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि स्प्रिंग ६ ने २०२२ च्या अखेरीस त्याला थेट आधार दिला. २०२० मधील स्प्रिंग बूट २.३ ने तर त्रुटींचे तपशील मूळ उत्तरात न देण्याचेच धोरण स्वीकारले. ते देणे हा आता जाणीवपूर्वक घ्यावयाचा निर्णय झाला आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, सर्व्हलेटमधील छापील ओळीपासून ते यंत्रवाच्य निवेदनापर्यंतची वाटचाल घटना, शब्द व दर्शन यांच्या क्रमिक विभागणीची आहे. स्ट्रट्सने घटना शब्दांपासून वेगळी केली, जेएसएफने कच्चा मजकूर मान्य मूल्यापासून वेगळा केला, स्प्रिंगने शब्दांचा शोध सूक्ष्म केला आणि बीन व्हॅलिडेशनने नियमाला माहितीजवळ आणले. प्रत्येक पायरीवर काही मिळाले व काही गमावले. वेगळ्या केलेल्या गोष्टी अखेरीस एकाच पडद्यावर, एकाच वाचकासाठी पुन्हा जुळवाव्या लागतात. आणि दोष बहुधा या जुळणीच्या सांध्यावर उत्पन्न होतात. न दिसलेला संदेश, लिंगभेद न जाणणारे वाक्य, ‘ज्ञानेश्वर’ हे नाव नाकारणारी मोजणी आणि १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती बाहेर जाऊ देणारा दोष, ही वरकरणी अगदी भिन्न उदाहरणे या एकाच सांध्यावरची आहेत.

संशोधकाच्या दृष्टीने यातून एक कार्यक्षेत्र स्पष्ट होते. भारतीय भाषांतील मजकुराची मोजणी, नावांचे नियम आणि विकारी रूपांना सामावून घेणारे संदेशांचे साचे यांचा पद्धतशीर अभ्यास जावाच्या प्रचलित साधनांच्या आधारे करता येण्याजोगा आहे. त्रुटिसंदेश हा प्रोग्रामने केलेल्या निर्णयाचा खुलासा आहे. निर्णय बरोबर असणे, खुलासा वाचणाऱ्याच्या भाषेत असणे आणि खुलाशाच्या शब्दांत परक्याची आज्ञा शिरू न देणे, या तीन अटी सारख्याच बंधनकारक आहेत. त्यांपैकी एकीला गौण मानण्याचे परिणाम गेल्या पाव शतकात पुरेसे स्पष्ट झाले आहेत.